जुन्या गाडीवर ब्रेक ऑइल, पेट्रोल, ॲसिड सांडलं तर: रंगाची दुरुस्ती गावातल्या गावात

ब्रेक ऑइल बॉनेटवर सांडलं असेल तर फडकं शोधू नका, पाणी शोधा. बाकीचा लेख नंतर वाचला तरी चालेल.

डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइल नावालाच ऑइल. ते ग्लायकॉल इथर जातीचं द्रव्य आहे. पाण्यात पूर्ण मिसळतं आणि रंगाच्या थरात शिरून त्याला मऊ करतं. फडक्याने पुसलं की मऊ झालेला रंग ओरबाडला जातो आणि चार बोटांचा डाग हातभर होतो. पाण्याने मात्र ते सरळ वाहून जातं. म्हणून जाणता मिस्त्री मास्टर सिलिंडरला, म्हणजे बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्याला जोडलेल्या भागाला, हात लावायच्या आधी भरलेली बादली आणि पाण्याचा मग बाजूला ठेवून घेतो. मदतीला आलेलं पोट्टं फडकं घेऊन धावलं की तो ओरडतो, "पुसू नको बे, पह्यले पानी टाक!"

हा लेख विदर्भातल्या अशा लोकांसाठी आहे, ज्यांच्या वाड्यात आजोबांची ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी उभी आहे, किंवा ज्यांनी हौसेने एखादी जुनी जीप घेतली आहे. ॲम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पद्मिनीचं त्याच्या बरंच आधी. म्हणजे रस्त्यावरच्या या बहुतेक गाड्या एकदा तरी, कित्येक तर तीन-चारदा रंगवलेल्या आहेत. त्या थरांमध्ये काय दडलंय हे कोणालाच ठाऊक नसतं. या कामात लोकांची घाई होते ती नवा रंग मारायची. खरं काम त्याच्या आधी आहे: काय सांडलं ते ओळखणं, ते पुरतं बाहेर काढणं आणि खालचा जुना रंग कोणत्या जातीचा आहे हे तपासणं. ही तीन कामं नीट झाली तर शेवटचा हात साधारण हाताने मारला तरी टिकतो.

सांडल्या सांडल्या काय करायचं

आधी मास्टर सिलिंडरच्या डब्याचं झाकण घट्ट लावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावासुद्धा ओढून घेतं. त्यात पाणी गेलं तर रंग वाचेल, पण ब्रेक जातील. डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटरच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. मग मगाने संथ धार धरा, प्रेशरचा फवारा नको. नंतर भांडी घासायच्या साबणाचं पाणी, पुन्हा साधं पाणी. कोरडं करताना फडकं दाबून टिपायचं, घासायचं नाही. क्लचचं ऑइलही हेच असतं, त्याला हाच उपाय.

आता सांदी बघा. बॉनेटची दुमडलेली कड, क्रोमच्या पट्टीच्या क्लिपांची भोकं, नावाच्या बिल्ल्यामागची फट, रबरी बीडिंग. इथे ऑइल दबा धरून बसतं आणि वरचा नवा रंग सुकल्यावर पंधरा दिवसांनी बाहेर येतं. गुरांच्या डॉक्टरकडे मिळते तशी मोठी सिरिंज घ्या, सुई काढून टाका आणि प्रत्येक फटीत साबणाचं पाणी मारा. पट्टी किंवा बिल्ला निघत असेल तर काढूनच घ्या.

पेट्रोल उडून जातं, म्हणून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. पण रोज टाकीच्या झाकणाखालून एक थेंब ओघळत असेल तर तिथे पिवळसर पट्टा पडतो आणि रंग हळूहळू मरतो. टिपून घ्या, साबणाच्या पाण्याने धुवा, उन्हात करू नका. आणि झाकणाचा वायसर बघा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. वायसर, टाकीच्या तोंडाचा रबरी पाइप आणि पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घाला. गळती चालू ठेवून रंग करणं म्हणजे नुसता पैशाचा धूर.

डिझेल आणि इंजिन ऑइल रंगाला लगेच खात नाही. त्याचा त्रास पुढे होतो, कारण तेलाची पातळ साय राहते आणि तिच्यावर नवा रंग धरत नाही. दोन-तीनदा साबणाने धुतलं की झालं.

बॅटरीचं ॲसिड हे वेगळंच प्रकरण. आपल्याकडे ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची आणि गाडीची बॅटरी एकाच शेडमध्ये चार्ज होते आणि टेकवायला जागा म्हणून सरळ मडगार्डवर ठेवली जाते. हे बंद करा. ते गंधकाचं ॲसिड, म्हणजे सल्फ्युरिक. संध्याकाळी काही दिसत नाही. काही दिवसांनी चमक जाते, मग टाचणीच्या टोकाएवढे फोड येतात आणि शेवटी फोडातून तपकिरी पाणी ओघळतं. तोवर पत्रा खायला सुरुवात झालेली असते. हातमोजे आणि चष्मा घाला, आधी भरपूर पाणी ओता. मग अर्धा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा विरघळवून तिथे टाका. फसफसेल. फसफसणं थांबेपर्यंत टाकत राहा, मग पुन्हा पाणी. बॅटरीखालचा ट्रे काढता आला तर काढून त्याच्या खालीही हेच करा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नका.

रेडिएटरचं कूलंट रंगाला सौम्य आहे, पाण्याने धुतलं की पुरे. पण ते चवीला गोड लागतं आणि बहुतेक कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल विषारी असतं. घमेल्यात काढून ठेवलं आणि कुत्र्याने किंवा वासराने तोंड लावलं तर जीव जाईल.

एक गोष्ट शहरातली माणसं सांगणार नाहीत. गाडी गोदामात, आणि त्याच गोदामात फळीवर कीटकनाशकाच्या बाटल्या. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी बरीच औषधं थिनरसारख्या द्रावकात विरघळवलेली असतात. ती टपावर सांडली तर रंगही जातो आणि हातालाही बाधतात. रबरी मोजे घालून साबणाने धुवा आणि बाटल्यांची फळी दुसऱ्या भिंतीला हलवा.

आता हात लावू नका

मऊ झालेला रंग कधीकधी आपोआप पुन्हा कडक होतो. धुतल्यावर गाडी सावलीत दोन-तीन दिवस तशीच राहू द्या. मग कोपऱ्यात अंगठ्याचं नख हलकं दाबून बघा. नखाची खूण राहिली तर अजून थांबा. खूण राहत नसेल आणि नुसती चमक गेली असेल, तर तुम्ही थोडक्यात सुटलात. रंगाला सुरकुत्या पडल्या असतील, पोपडा सुटत असेल किंवा फोड आले असतील, तर तो रंग गेला. त्याच्यावर वरून काहीही मारून उपयोग नाही, तो काढावाच लागेल.

खालचा रंग कोणता

नवशिका माणूस ही पायरी हमखास सोडतो, आणि सगळं इथेच बिघडतं. जुन्या गाड्यांवर साधारण तीन जातींचे रंग सापडतात. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, जो थिनर उडाला की वाळतो. सिंथेटिक इनॅमल, जो सावकाश वाळतो आणि तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो. आणि अलीकडच्या पंचवीस-तीस वर्षांत रंगवलेली असेल तर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हार्डनर घालून मारायचा दोन भागांचा (टू-के) रंग.

तपासणी सोपी आहे. डिकीच्या आतल्या कडेला किंवा बॉनेटच्या खालच्या ओठाला, जिथे कोणी बघत नाही तिथे, पांढऱ्या सुती कापडावर एनसी थिनर घेऊन दहा-पंधरा सेकंद घासा. रंग पटकन कापडावर उतरला आणि जागा चिकट झाली तर एनसी. आधी काही झालं नाही, मग रंग फुगून आकसला तर सिंथेटिक. नुसता मळ निघाला आणि रंग ढिम्म राहिला तर पीयू.

का तपासायचं? सिंथेटिकवर एनसी मारला की एनसीचा जहाल थिनर खालच्या थराला उचलतो आणि पाच मिनिटांत सगळ्या पॅनलवर सुरकुत्या येतात. उलटं, म्हणजे नीट वाळलेल्या एनसीवर सिंथेटिक, सहसा चालतं. नवशिक्याने साधा नियम पाळावा: जो खाली, तोच वर. खाली पीयू निघाला आणि डाग मोठा असेल तर ते काम पेंटरकडे द्या. पैशापेक्षा मोठं कारण आहे, ते पुढे मास्कच्या ठिकाणी येईल.

नुसती चमक गेली असेल तर

पॅनल धुऊन सावलीत थंड करा. रबिंग कंपाउंडचा सुपारीएवढा गोळा ओल्या सुती कापडावर घेऊन वीतभर जागेतच, हलक्या हाताने, आधी आडवं मग उभं घासा. कापडावर गाडीचा रंग उतरेल. घाबरू नका, जुन्या एकेरी रंगावर, म्हणजे ज्याच्या वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) नसतो त्यावर, तसंच व्हायला हवं. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर कापडाला रंग दिसला तर मात्र तिथेच थांबा, याचा अर्थ वरचा थर संपला. कडा आणि बॉडीच्या धारा यांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावून ठेवा. कंपाउंडनंतर बारीक पॉलिश, आणि काम संपलं. बरेचसे डाग एवढ्यावर निघतात. उगाच स्प्रे गन भाड्याने आणू नका.

रंग काढायचा असेल तर

सुटलेला पोपडा जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढा. लोखंडी पट्टीने पत्र्यावर चरे पडतात. डागाच्या बाहेर दोन बोटं जास्त काढा, कारण ब्रेक ऑइल चांगल्या दिसणाऱ्या रंगाखालूनही सरकलेलं असतं. कड घट्ट लागेपर्यंत खरवडत जा.

मग घासाई. ऐंशी नंबरच्या पेपरने सुरुवात करू नका. वॉटर पेपर १८० नंबर, रबराच्या किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून, मग ३२०, मग ४००. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या खाचा पडतात आणि चमक आल्यावर त्या लांबून दिसतात. इथे जुन्या गाडीची सगळी कुंडली बाहेर येते. मध्ये उघडा पत्रा, त्याच्याभोवती विटकरी रेड ऑक्साइडचं कडं, मग करडं सरफेसर (रंगाखालचा सपाटीचा थर), मग कधीकाळचा काळा किंवा निळा, त्यावर पुन्हा करडा, आणि सगळ्यात बाहेर आजचा पांढरा. प्रत्येक कडं निदान अर्धा सेंटिमीटर रुंद दिसलं पाहिजे. कडी एकमेकांना चिकटून दिसत असतील तर उतार खडा आहे, आणखी घासा. डोळे मिटून तळवा फिरवा. पायरी हाताला लागली तर रंगाखालूनही दिसणारच.

घासाई ओलीच करा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारा नियम आपल्याकडे २०१६ चा, तुमच्या गाडीचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. कोरडी धूळ उडवायची नाही, लहान मुलांना लांब ठेवायचं आणि गाळाचं पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या टाक्याकडे जाऊ द्यायचं नाही.

आता पाण्याचं बोलायला हवं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, जिथे जमिनीतलं पाणीच खारं, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूरकडची गावं. तिथलं बोअरचं पाणी घासाईला वापरलं आणि तसंच वाळू दिलं, तर पत्र्यावर क्षार राहतात. प्रायमर मारल्यावर ते दिसत नाहीत. पहिल्या पावसाळ्यात ओलावा रंगातून आत शिरतो, क्षार तो धरून ठेवतात आणि गव्हाच्या दाण्याएवढे फोड येतात. मग पेंटरला शिव्या, कंपनीला शिव्या. घासाई बोअरच्या पाण्याने करा हवी तर, पण शेवटची धुलाई आरओच्या किंवा बॅटरीत घालायच्या पाण्याने करा. एक-दोन लिटरचं काम आहे. लगेच कोरड्या कापडाने टिपा, रेघोट्या वाळू देऊ नका.

उघड्या पत्र्यावर जंग असेल तर तारेच्या ब्रशने झाडा आणि फॉस्फरिक ॲसिडचा जंग काढायचा लेप लावा. डब्यावर लिहिलं असेल तेवढाच वेळ ठेवा, मग धुवा आणि पुरतं कोरडं करा. श्रावणात उघडा पत्रा एक रात्रही तसा ठेवू नका, सकाळी पिवळी झाक आलेली असते.

प्रायमरच्या आधी तेल काढायचं. दोन पांढरी कापडं घ्या. एकावर डीग्रीसर घेऊन पुसायचं, आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलायचं. एकाच कापडाने गोल गोल पुसलं तर तेल फक्त जागा बदलतं. यानंतर त्या जागेला उघडा हात लावू नका, तळव्याचा घामही पुरतो. डॅशबोर्ड आणि टायर चमकवायच्या सिलिकॉन स्प्रेचा डबा त्या दिवशी शेडच्या बाहेर ठेवा. सिलिकॉनचा कण जरी राहिला तरी ओला रंग त्याच्यापासून पळतो आणि बारीक गोल खड्डे पडतात. डॉट ५ ब्रेक ऑइल सिलिकॉनचं असतं. ते रंगाला खात नाही, पण हा त्रास त्याच्याही मागे लागलेला आहे. शिवाय ते पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे तिथे बादलीचा उपाय लागू पडत नाही. ते न पसरवता टिपून घ्यायचं आणि डीग्रीसरने परत परत पुसायचं.

प्रायमर आणि लांबी (पुट्टी)

उघड्या पत्र्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर सगळ्यात चांगला. नागपूर, अमरावती, अकोल्याला गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतो. प्रमाण डब्यावर असतं, अंदाजाने घालू नका. गावात फक्त रेड ऑक्साइड मिळत असेल तर बॉनेटच्या खाली, चॅसीला तो चालेल. बाहेरच्या दर्शनी पॅनलला मी लावणार नाही.

खड्डा खोल असेल तर हार्डनरची पॉलिएस्टर लांबी भरा. हार्डनर साधारण दोन टक्के, म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याला हरभऱ्याएवढा. मे महिन्यात त्याहून कमी, नाहीतर पट्टीवरच दगड होतो. लांबी स्पंजासारखं पाणी पिते, म्हणून ती कोरडी घासा, मास्क लावून. एनसी पुट्टी फक्त केसाएवढ्या चऱ्यांसाठी. ती जाड भरली की महिन्याभराने बसते आणि खळगा पुन्हा उघडा पडतो. लांबीवर पुन्हा प्रायमर, आणि ६०० नंबरने हलकी घासाई.

रंग जुळवणं

पेट्रोल टाकीचं झाकण किंवा तसाच सुटा होणारा रंगीत भाग दुकानात घेऊन जा. पण नेण्याआधी त्यावर कंपाउंड मारून वरची मेलेली साय काढा. नाहीतर दुकानदार धुळकट, उन्हाने उतरलेला रंग बनवून देईल, आणि तुम्ही नंतर गाडीला पॉलिश केलं की दुरुस्तीचा चौकोन वेगळा दिसेल. नमुना दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहू नका. बाहेर आणून सावलीत आणि मग उन्हात पाहा. सगळ्यात अवघड पांढरा. जुन्या ॲम्बेसेडरचा पांढरा आता दुधाचा राहिलेला नसतो, तो सायीकडे झुकलेला असतो. रंगाचा ठिपका पुठ्ठ्यावर वाळू द्या आणि मगच ठरवा, कारण ओला आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो.

रंगच बदलायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, रंगाची नोंद आरसी बुकात असते आणि बदल आरटीओत नोंदवावा लागतो. गाडी पन्नास वर्षांच्या पुढची असून व्हिंटेज म्हणून नोंदवायचा विचार असेल, तर २०२१ च्या नियमांत मूळ रूपात मोठा फेरफार चालत नाही. मूळ रंगाला धरून राहिलेलं बरं.

हवा, दिवस आणि वेळ

आपल्याकडे रंगासाठी वर्षभर सारखी हवा नाही. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, नागपूर ४५ अंशांवर जातं. गनमधून निघालेला थिनर पत्र्यावर पोहोचायच्या आधीच उडतो आणि रंग वाळूसारखा खरखरीत बसतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा एनसीवर बसून पांढुरकी झाक आणतो. ऑक्टोबरमध्ये हवा बरी, पण गावभर सोयाबीनची मळणी चालू, कुटाराची धूळ शेडमध्ये येतेच. पुढे कापूस वेचणी सुरू झाली की सरकीचे तंतू उडतात. जिनिंगजवळ घर असेल तर विचारूच नका. माझ्या मते डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. सकाळी दव उडून गेल्यावर, नऊ-साडेनऊपासून बारापर्यंत. पत्र्यावर तळवा आरामात ठेवता आला पाहिजे. चटका बसत असेल तर नाही, गार ओला लागत असेल तरी नाही. रात्री दिव्याखाली रंग मारू नका, सगळे किडे बॉनेटवर येऊन बसतील.

मे महिन्यातच करणं भाग असेल तर पहाटे उजाडता उजाडता करा आणि दुकानातून सावकाश उडणारा थिनर मागून घ्या.

शेडमध्ये आदल्या संध्याकाळी झाडू मारा. काम सुरू करायच्या अर्ध्या तासाआधी जमिनीवर सडा टाका, काळ्या मातीची धूळ दबते. शेतातल्या शेडमध्ये थ्री फेजच्या कॉम्प्रेसरवर काम असेल तर लाइनचं वेळापत्रक आधी बघा; अर्ध्या पॅनलवर वीज गेली तर मधली रेघ कायमची राहते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणला तर त्याच्या टाकीतलं पाणी काढा आणि गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावा. टायरमध्ये दोन थेंब पाणी गेलेलं कळत नाही, रंगात लगेच कळतं.

मास्क

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, मजूर दगावले. तोंडाला दुपट्टा बांधून काही होत नाही, हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. रंगाचंही तसंच. एनसी आणि सिंथेटिकसाठी सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या काडतुसांचा मास्क लागतो. करोनातला कापडी मास्क फक्त धूळ अडवतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ छातीत गेली की दमा लागू शकतो, आणि एकदा लागला की पुढे थोड्याशा वासानेही झटका येतो. म्हणून पीयू स्प्रेचं काम नवशिक्याने घरी करू नये, हे मी ठामपणे सांगतो. शेडमध्ये चूल, बिडी, वेल्डिंग काही नको. गुरं बाहेर बांधा.

रंग मारणं

नवशिक्याने डागापुरता ठिपका मारू नये. बॉनेट असेल तर पूर्ण बॉनेट, मडगार्ड असेल तर बॉडीच्या जवळच्या घडीपर्यंत. सपाट जागेच्या मधोमध नव्या-जुन्याचा सांधा लपवणं मुरलेल्या पेंटरलाही जड जातं. म्हणून त्याच पॅनलच्या उरलेल्या सगळ्या भागाची चमक ६०० नंबरने घासून घालवा. बाकीच्या गाडीवर धुतलेली चादर किंवा नवं प्लॅस्टिक टाका. मास्किंगला वर्तमानपत्र चालतं, पण दुहेरी लावा. एकेरीतून थिनर झिरपतो. गोठ्यातली ताडपत्री नको, तिची धूळ रंगात पडते.

रंग गाळून घ्या, पातळ साडीच्या तुकड्यातूनही चालेल. आधी पुठ्ठ्यावर गन मारून बघा. फवारा पसरट, सारखा आणि बारीक दिसेपर्यंत स्क्रू फिरवा. गन पत्र्यापासून साधारण वीतभर, नेहमी समांतर. मनगट वळवलं की मध्ये जाड आणि टोकांना पातळ बसतं. ट्रिगर पॅनलच्या बाहेर दाबायचा आणि बाहेरच सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. पहिला हात पातळ, खालचं दिसलं तरी चालेल. एनसीला दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. सिंथेटिकला डब्यावर दिलेली वेळ काटेकोर पाळा. अर्धवट वाळलेल्या सिंथेटिकवर मधेच दुसरा हात मारला तर तो सुरकुततो. तीन हात पुरतात. रंग ओघळला तर बोट लावू नका, वाळल्यावर घासून निघतो.

बॉनेटच्या आत, बॅटरीच्या ट्रेखाली, मास्टर सिलिंडरच्या आजूबाजूला एवढा थाट नको. चांगल्या ब्रशने सिंथेटिकचे दोन पातळ हात मारा. पण सिंथेटिक ब्रेक ऑइलसमोर टिकत नाही, त्यामुळे मास्टर सिलिंडरचे वायसर बदलूनच हे करा. वायसर फुगलेले दिसले तर कोणीतरी ब्रेकच्या डब्यात साधं इंजिन ऑइल ओतलंय असं समजा. खनिज तेलाने ते रबर फुगतं. नुसते वायसर बदलून भागणार नाही. सगळी लाइन धुऊन व्हील सिलिंडरची रबरंही बदलावी लागतील.

नंतर

एनसी आठवडाभर, सिंथेटिक त्याहून जास्त मुरू द्या. नख न लागण्याइतका कडक झाला की १५०० आणि मग २००० नंबरच्या पेपरने, साबणाच्या पाण्यात भिजवून, उठलेले कण बसवा आणि कंपाउंड करा. मेण किंवा वॅक्स महिनाभर नको. राहिलेला थिनर उडायला वाट हवी. तेवढे दिवस गाडी प्लॅस्टिकच्या कव्हरखालीही ठेवू नका, सुती चादर चालेल. कबुतरांची शेड असेल तर जागा बदला.

उरलेला रंग छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, म्हणजे वर हवा राहत नाही. बाटलीवर तारीख, रंगाची जात आणि दुकानातल्या मिक्सिंगचा नंबर लिहा. तोच नंबर आरसी बुकाच्या झेरॉक्सच्या मागेही लिहून गाडीत ठेवा. पुढच्या वेळी टाकीचं झाकण काढून घेऊन जायची गरज पडणार नाही.